पाय कुणाचे धुवायचे

गुरुवारी सकाळी अंबाबाईंनी चहाचा कप तसाच परत पाठवला, तेव्हाच इंदूबाई सावध झाली. उपास उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणदिवशी, असतो, आदल्या दिवशी नसतो. अंबाबाई तिच्या आतेसासू, घरात त्यांना आत्याबाई म्हणत; त्या चहा सोडायच्या ते दोनच कारणांनी. एक, कुठून अडलेल्या बाईचं बोलावणं आलं की. आणि दुसरं, भावाकडे काही मागायचं मनात असलं की. बोलावणं तर आज कुठूनच आलं नव्हतं.

नेमका आजचाच दिवस सापडावा, हे इंदूबाईला फार लागलं. घरात पाहुणी होती. पुण्याच्या सुचेताबाई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आपल्या मुलासाठी इंदूबाईच्या मुलीला, विमलला, बघायला आल्या होत्या आणि ईस्टर करूनच जाणार होत्या. अजून होकार दिला नव्हता, पण विमलच्या हातचं भरतकाम त्यांनी दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं होतं. कर्जतसारख्या ठिकाणच्या मास्तराच्या मुलीला असं घर पुन्हा कुठलं मिळायला! इंदूबाईनं रेशनची साखर काटकसरीनं राखली होती आणि पडदे दोनदा धुतले होते. चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलू नये, एवढीच तिची देवाकडे मागणी होती.

दुपारची जेवणं झाली. ओसरीवर इंदूबाईचे सासरे मालोजी खाटेवर टेकले होते. बाजूला नाना, त्यांचा थोरला मुलगा आणि इंदूबाईचा नवरा, संध्याकाळच्या विधीसाठीचा नवा पंचा मांडीवर घेऊन बसले होते. वडिलांनी तो सकाळीच त्यांच्या हाती दिला होता. मालोजींचे वडील बोरघाटातले बोगदे खोदायला आलेले मजूर. तिथल्याच एका पाद्रीबुवांच्या तंबूत ते ख्रिस्ती झाले, आणि घाट पुरा झाल्यावर कर्जतला राहून त्यांनी हे दगडी प्रार्थनामंदिर उभं केलं. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या वडील पुरुषानं, येशूनं आपल्या शिष्यांचे धुतले तसे, मंडळीतल्या बारा पुरुषांचे पाय धुवायचे, ही रीत त्यांनीच घालून दिलेली. पुढं मालोजींनी ती उभा जन्म सांभाळली. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून पंचा नानांकडे आला होता. नाना शाळेत चाळीस पोरांना एका नजरेनं गप्प करणारे. पण सकाळपासून तो पंचा ते उलगडत होते आणि पुन्हा घडी घालत होते.

अंबाबाई आल्या आणि भावासमोर खाली जमिनीवर बसल्या. सुचेताबाईंनी खुर्ची पुढं केली ती त्यांनी हातानंच परत सारली.

“दादा, नागूचा लेक लढाईवरनं आला नाय. बारांतली एक जागा रिकामी हाय.”

“हाय खरी,” मालोजी म्हणाले.

“तिथं हिरूला बसवा.”

दाराआड तांदूळ निवडत बसलेल्या इंदूबाईचा हात सुपातच थांबला. हिरू म्हणजे डोंगराच्या उतारावरच्या वाडीतली कातकरीण. नवरा-बायको कोळशाच्या भट्ट्या लावत. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला आत्याबाई गेल्या होत्या, तेव्हापासून ती दर रविवारी प्रार्थनेला उतरून यायची आणि दाराशी, वहाणांच्या शेजारी बसून राहायची. कुणी तिला आत ये म्हणालं नव्हतं. तिथं बसू नकोस, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

नाना शांतपणे म्हणाले, “आत्या, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही.”

“पाळकसायेब पावसाळा सरल्याबिगर येनार नाय. ती तयार हाय, सायेब तयार नाय. तिचा काय दोष?”

“दोष नाहीच. पण ही मंडळीतल्या माणसांची आपसातली गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाला त्यात घेतलं, तर मग मंडळी म्हणजे काय उरलं?”

“नाना, त्या रातीला प्रभूनं यहूदाचेबी पाय धुतले का नाय रं? ज्यानं विकलं, त्याचे?”

“धुतले. पण यहूदा बारांतला होता. वाईट होता, तरी आतला होता.”

“म्हंजे वाईट आतला चालतो,” अंबाबाई म्हणाल्या, “आन चांगला भायेरचा चालत नाय. बरं.”

वर्गात कुणी असं अडवलं की नाना खडू उचलत. इथं खडू नव्हता, त्यांनी पंच्याची घडी मोडली.

सुचेताबाई हसल्या. त्यांचं हसणं गोड होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. “बाप्तिस्म्याचं राहू द्या, अंबाबाई. पण आमच्या मंडळीत या विधीला बायका बसतच नाहीत. प्रभूनं पुरुषांचेच पाय धुतले ना? आणि मास्तरांनी परक्या बाईच्या पायांना हात लावायचा, हे चारचौघांत बरं दिसेल का?”

“नाय दिसनार,” अंबाबाईंनी लगेच मान्य केलं. “म्हनून तिचे पाय मी धुवीन.”

मालोजींनी डोळे उघडले. बाईनं पाय धुवायच्या घंगाळापाशी बसायचं, पंचा कमरेला बांधायचा, ही गोष्ट त्या घरात आजवर कुणी बोलूनसुद्धा दाखवली नव्हती. इंदूबाईला आपला संसार डोळ्यांसमोर घसरताना दिसला. सुचेताबाईंच्या भुवया वर गेल्या होत्या. सोमवारी त्या पुण्याला जातील, चार घरी सांगतील, आणि विमलचं नाव निघालं की लोक म्हणतील, तेच ना ते घर? तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

“आत्याबाई, ते लोक उंदीर खातात!”

बोलल्यावर तिलाच ते ऐकू आलं. नानांनी मान खाली घातली. सुचेताबाई अंगणाकडे बघू लागल्या, पण त्यांचा चेहरा सैल झाला. जणू अवघड काम कुणीतरी परस्पर उरकलं होतं.

अंबाबाई रागावल्या नाहीत. सुनेकडे वळून त्यांनी इतकंच म्हटलं, “इंदू, आमच्या बापाला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, तवा आमी काय खातो म्हनून सांगायचे, ते तुझ्या सासऱ्याला इचार.”

मालोजींचं तोंड नुसतं घट्ट मिटलं, आणि म्हातारपणानं ओघळलेला तो चेहरा क्षणभर एखाद्या पोराचा वाटला, मार खाल्लेल्या.

मग ते म्हणाले, “अंबू, पंचा आता नानाकडं हाय. मी दिलाय. नाना म्हनंल तसं.”

नाना म्हणाले, “मला नाही जमायचं, आत्या. मी रीत मोडायला उभा राहिलेलो नाही. आज तर पहिलाच दिवस आहे माझा.”

त्यांच्या आवाजात विनवणी होती. अंबाबाईंनी ती ऐकली असावी, कारण उठताना त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू मोडू नको, बाबा. तू हितं धू. मी वाडीवर जाते. ती मला म्हनाली व्हती, येवढा मोठा म्हातारा मानसांच्या पायाशी कसा बसतो ते एकदा जवळनं बगायचंय. मी काय येवढी मोठी नाय, पन म्हातारी तर हाय.”

त्या आत गेल्या. मागोमाग खाट करकरली. मालोजी भिंतीचा आधार घेत माजघरात शिरले आणि बापानं घेतलेलं ते पितळी घंगाळ, सकाळीच चिंचेनं घासून ठेवलेलं, दोन्ही हातांनी उचलून बाहेर आले. पदर खोचून परत आलेल्या बहिणीसमोर ते धरून म्हणाले, “हे घेऊन जा.”

“बाबा!” नाना उठलेच. “मग इथं काय वापरायचं?”

“बादली हाय की.”

एवढं बोलून ते खाटेवर आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

इंदूबाई चुलीपाशी जाऊन बसली. चूल विझलेली होती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा अंबाबाईंची तिला धास्तीच वाटायची. ऐन पंचविशीत नवरा गेलेली ही बाई दुसऱ्या घरी गेली नाही, भावाच्या घरी नुसती भाकरीही थापत बसली नाही. मिशनच्या दवाखान्यात राहून सुईणीचं काम शिकली आणि पिशवी घेऊन रानोमाळ फिरू लागली. कळंबपासून खालापूरपर्यंत कुणाचीही बाई अडली, तर रात्री-अपरात्री माणूस यांच्याच दाराशी यायचा. विमलच्या वेळी इंदूबाई तीन दिवस तळमळत होती. डॉक्टरसुद्धा म्हणाले, दोघांतलं एकच वाचेल. आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, दोन्ही वाचतील, तू फक्त माझ्याकडं बघ. ती बघत राहिली होती. दोन्ही जीव वाचले. त्याच मांडीवरून हिरूचंही पोर जगात आलं होतं, आणि त्या मांडीला त्यात काही फरक कळला नव्हता.

ती परसात गेली. अंबाबाई रहाटानं पाणी काढत होत्या.

“आत्याबाई, मघाशी माझ्या तोंडून...”

“बोललीस ते बरं झालं गं,” अंबाबाई दोर ओढता ओढता म्हणाल्या. “बाकीचेबी तेच म्हनत व्हते. पन लांबनं.”

इंदूबाईनं त्यांच्या हातातला दोर घेतला. हंडा भरला. उचलायला गेली तो मागून विमल आली आणि तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली.

“तू नको,” इंदूबाई हळूच म्हणाली. “तू पाहुण्यांपाशी थांब. त्या तुला बघायला आल्यात.”

“मग बघू दे की, आई,” विमल म्हणाली. “हंडा उचलून दे.”

सुचेताबाई परसदारात उभ्याच होत्या. विमलनं ते पाहिलं होतं, तरी तिनं आवाज खाली आणला नाही. अठरा वर्षांची पोर, गेला महिनाभर आरशासमोरून हलत नव्हती. इंदूबाईला वाटलं, हिला आपण जन्म दिला खरा, पण ही डोळे उघडताच जिच्याकडे बघत होती तिच्यावर गेली.

निघण्याआधी ती प्रार्थनामंदिरात गेली. नाना एकटेच बाक ओढून सरळ रेषेत लावत होते.

“अहो, मी आत्याबाईंबरोबर चाललेय.”

“आज?” ते तिच्याकडे बघतच राहिले. “माझ्या पहिल्या दिवशी? लोक विचारतील, मास्तरीणबाई कुठं आहेत म्हणून.”

“सांगा, पाय धुवायला गेली.”

तिला वाटलं होतं, ते रागावतील. पण त्यांनी बाकाचा कोपरा धरला आणि इतकंच विचारलं, “आणि विमलचं?” ती बाहेर पडली.

चैताचं ऊन उतरणीला लागलं होतं, तरी कातळ भाजत होता. कोळसा खाली आणायला केलेली गाडीवाट रानातून वळणं घेत वर चढत होती. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, फळं अजून हिरवी, दगडासारखी. तिघी आळीपाळीनं हंडा घेत होत्या. घंगाळ मात्र अंबाबाईंनी कुणाला दिलं नाही. त्या पुढं चालत होत्या, पदर खोचून, म्हातारपणीही झरझर. आणि वाटेत भेटेल तो मोळीवाला, गुराखी, थांबून विचारत होता, “कुनाच्यात, बाय? कोन अडलीय?”

“कोन नाय रं. आज सोडवाया नाय निघाले,” त्या म्हणत आणि पुढं जात. मागं इंदूबाई थक्क होऊन ऐकत होती. कर्जतच्या बाजारात मास्तरांना नमस्कार करणारे पुष्कळ होते. पण या डोंगरात प्रत्येक वळणावर आपल्या घराची एवढी माणसं आहेत, हे तिला इतक्या वर्षांत कधी माहीतच नव्हतं.

वाडी म्हणजे कुडाच्या दहाबारा झोपड्या. पलीकडे मातीनं लिंपलेली कोळशाची भट्टी मंद धुमसत होती. हिरू भट्टीवर माती थापत होती. घंगाळ बघून तिनं हात झटकले.

“बाय, हे काय गं?”

“तुला बगायचं व्हतं ना? म्हनून आनलं. बस, पाय धुते तुझे.”

हिरू आधी हंड्याकडे बघत राहिली, मग हसत सुटली. “बाय, तुला ऊन लागलं काय? चैतात पाय धुवाया पानी? आमी झऱ्यावर करवंटीनं पानी भरतो, घोटघोट. सकाळची गेलेली बाय दुपारला येती हंडा घेऊन. आन तू ते पायावर वततेस?”

तिच्या आवाजाला झोपड्यांतून बाया बाहेर आल्या, पोरं आली. ती हंड्याभोवती उभी राहिली, आणि त्यांच्या नजरा पाण्यावर खिळल्या. इंदूबाईच्या परसातल्या विहिरीला आजही हात-दोन हात पाणी जास्तच होतं.

अंबाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. घंगाळ बाजूला ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, “विमल, पोरांना पाज.”

पोरं प्यायली. मग त्यांच्या आया प्यायल्या. भट्टीजवळ खोकत बसलेला हिरूचा म्हातारा सासरा धाऊ, त्यालाही विमलनं तांब्या नेऊन दिला. हंड्याच्या तळाशी दोन-चार ओंजळी पाणी उरलं.

“एवढं पुरं,” अंबाबाई म्हणाल्या. “आता तरी बसशील?”

हिरू दगडावर बसली. आता ती हसत नव्हती. अंबाबाई गुडघ्यावर टेकणार, तेवढ्यात इंदूबाईनं त्यांचा हात धरला.

“मी धुते, आत्याबाई.”

पंचा आणलाच नव्हता. तिनं आपला पदर पुढं घेतला. हिरूचे पाय मांडीवर घेतले तेव्हा तिच्या मनात किळस आली, येणारच होती, ती ओसरीवर सगळ्यांदेखत बोललेली बाई तीच होती. पण तिनं हात मागं घेतला नाही. पाय काळेठिक्कर पडले होते, राख भेगांमध्ये बसून गेली होती, उजव्या घोट्यावर निखाऱ्याचा जुना डाग होता. तिनं थेंबथेंब पाणी सोडलं, अंगठ्यानं भेगा चोळल्या. पहिलं पाणी शाईसारखं घंगाळात पडलं. दुसऱ्या ओंजळीला तिला पायाचा खरा रंग दिसला, आणि तोवर किळस कुठं निघून गेली हे तिला कळलंही नाही.

हिरू वाकून हे सगळं बघत होती, अगदी जवळून. “मास्तरीनबाय,” ती हळूच म्हणाली, “तुमचं लुगडं खराब व्हतंय.”

“होऊ दे,” इंदूबाई म्हणाली.

गाडीच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा दिवस डोंगराआड चालला होता. बाया उठून बघू लागल्या, या वेळी कोळशाची गाडी येत नसे. वळणावरून बैल दिसले आणि कासरा धरून चालत येणारे नाना. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. गाडीत दोन मोठी पिंपं होती, वर ओली पोती झाकलेली, आणि प्रत्येक गचक्यासरशी पाणी हिंदकळत होतं.

इंदूबाई तशीच ओल्या पदरानं उठून उभी राहिली. ते जवळ आले, पण तिच्या नजरेला नजर देईनात.

“लोकांना काय सांगितलं?” तिनं विचारलं.

“बाक लावले, लोक आले. वाचायला उभा राहिलो.” नाना थांबले, धाप लागली होती. “वाचून झाल्यावर बादली घेऊन पहिल्या माणसापाशी बसलो. पाय बघितले. साबणानं घासून आले होते गं. दुसरा बघितला, तोही तसाच. माझेही तसेच. सगळे घरून धुऊनच आलेले, दरवर्षीसारखे. मला पुढं काही सुचेना. मंडळीतला बुधाजी म्हणाला, मास्तर, काय झालं? मी म्हटलं, तुझी गाडी दे, वाडीवर चैतात पाणी नसतं.”

“आणि सुचेताबाई?”

“चला म्हटलं. त्या नाही म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत. बाबांपाशी बसल्यात.”

सुचेताबाई सोमवारच्या गाडीनं पुण्याला गेल्या. जाताना विमलच्या हातावर खाऊ ठेवला, आणि ते स्थळ पुढं कधी जिवंत झालं नाही. विमल दोन दिवस परसात बसून रडली. पण तुला तिथं जायचं नव्हतं का, असं कुणी विचारलं तेव्हा ती डोळे पुसून म्हणाली, जायचं होतं, आणि हंडाही न्यायचा होता. इंदूबाईनं हे पुढं आयुष्यभर लक्षात ठेवलं, आणि त्या दिवशी वाडीवर गेल्याचा पश्चात्ताप मात्र तिला कधी करता आला नाही.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी नाना गाडीतून बादलीनं पाणी काढून देत होते, आणि बाया मडकी, डबे, भोपळे, हाताला लागेल ते घेऊन येत होत्या. रेटारेटी नव्हती. गर्दी ओसरल्यावर नाना एक बादली घेऊन धाऊपाशी गेले. म्हातारा गडबडून उठू लागला, “मास्तर, नाय नाय, हे काय...” नानांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि त्याच्यासमोर मातीत बसले. शाळेत खडूच्या भुकटीनंसुद्धा हात मळू न देणारा तो माणूस. त्यानं धाऊचे पाय धुतले, आपल्या कोऱ्या पंच्यानं पुसले, आणि ते तसेच धरून ठेवले. अंबाबाईंनी हे लांबून पाहिलं. इंदूबाईच्या पाठीवरून त्यांचा हात एकदा फिरला.

घंगाळ रिकामं करून त्या म्हणाल्या, “चला, उजेड हाय तवर खाली उतरू.”

“थांब, बाय,” हिरू म्हणाली.

तिनं आपलं मडकं आणलं, आत्ताच भरलेलं, काठोकाठ. ते दगडाशी ठेवलं आणि अंबाबाईंचा हात धरून त्यांना त्याच दगडावर बसवलं.

“अगं, हे काय करतेस? प्यायाचं पानी हाय ते!”

“गप बस तू,” हिरू म्हणाली. “आमाला सोडवताना तू बोलायचीस ना, गप बस म्हनून? आता तू बस.”

तिनं अंबाबाईंच्या वहाणा काढल्या. टाचा फाटलेल्या, बोटं वाकडी झालेली, या डोंगराच्या चढणीनं घडवलेले ते पाय. हिरूनं ओंजळभर पाणी त्यांच्यावर सोडलं, दोन्ही हातांनी पुसलं. ती उठली तशी मागची एक बाई आपला डबा घेऊन पुढं आली. तिच्या मागून दुसरी. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या पाण्यातली एक ओंजळ त्या पायांवर घातली, आणि प्रत्येक ओंजळीमागं एकेक पोर उभं होतं, अंबाबाईंच्या हातांनी जगात आलेलं. एका म्हातारीनं तर नुसतीच बोटं बुडवून पाय पुसले, तिच्या करवंटीत तेवढंच पाणी होतं.

“पुरे गं, पुरे, सांडू नका,” अंबाबाई म्हणत होत्या. मग म्हणायच्या थांबल्या. ओसरीवर सगळ्यांना उत्तर देणारी ती बाई, तोंडावर पदर धरून बसून राहिली.

विमल रांगेत शिरली. तिच्यामागून इंदूबाई. तिला ते पाय हातात घ्यायला मिळाले तेव्हा ते गार पडले होते, आणि तिनं ते आपल्या ओल्या पदरात गुंडाळले.

“तूबी, इंदू?” अंबाबाई पदराआडून म्हणाल्या.

“मी तर आधी यायला हवं होतं,” ती म्हणाली.

हिरूनं मडकं उचलून कडेवर घेतलं. अजून अर्धं होतं. तिनं वळून सगळीकडे नजर फिरवली, बायांवर, पोरांवर, गाडीपाशी उभ्या असलेल्या पुरुषांवर, आणि मोठ्यानं हाक दिली.

“अजून कोन ऱ्हायलंय गं? या की!”

नानांनी कासरा सोडला आणि ते पुढं आले.